शुक्रवार‘पर्यंत’ : इंग्रजीत ‘बाय’ कधी, ‘अनटिल’ कधी?

प्रश्न थोडक्यात असा : रावेर तालुक्यातल्या एका केळी पॅक हाऊसमधून आखाती देशांतल्या खरेदीदारांशी इंग्रजीत पत्रव्यवहार चालतो. ते काम सांभाळणाऱ्या तरुणाने ई-मेलमध्ये लिहिलं, ‘प्लीज सेंड अ‍ॅडव्हान्स टिल थर्सडे. अनटिल पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड, वी विल नॉट लोड.’ समोरच्याला अर्थ लागला नाही, त्याने उलट विचारणा केली. मराठीत दोन्ही ठिकाणी साधं ‘पर्यंत’ आहे. मग चूक नेमकी कुठे झाली, आणि ‘बाय’, ‘टिल’, ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘विदिन’ यांतला कुठला शब्द कुठे वापरायचा?

या मजकुरात चुका दोन आहेत आणि दोन्ही मराठीतून थेट आलेल्या आहेत. त्यामुळे लिहिणाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे असं समजू नये. आपल्याकडे शाळेत ‘टिल म्हणजे पर्यंत’ असं पाठ करून घेतात आणि ‘बाय’चा अर्थ ‘ने, कडून’ एवढाच सांगतात. मुदतीचा ‘बाय’ कुणी शिकवतच नाही. धंद्यात मात्र सगळ्यात जास्त लागतो तो हाच.

आधी मूळ भेद. मराठीत ‘गुरुवारपर्यंत पैसे पाठवा’ म्हणतात आणि ‘गुरुवारपर्यंत थांबा’ असंही म्हणतात. पहिल्या वाक्यात पैसे एकदाच पाठवायचे आहेत. सोमवारी पाठवा, बुधवारी पाठवा, गुरुवार ही शेवटची सीमा. दुसऱ्या वाक्यात थांबणं आतापासून गुरुवारपर्यंत अखंड चालू राहायचं आहे. आपण हा फरक क्रियापदावरून ओळखतो, ‘पर्यंत’ बदलत नाही. इंग्रजीत मात्र शब्दच दोन आहेत. मुदतीच्या आत एकदा घडून जाणाऱ्या गोष्टीला ‘बाय’, आणि त्या वेळेपर्यंत सतत चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘अनटिल’ किंवा ‘टिल’. म्हणून ‘सेंड अ‍ॅडव्हान्स टिल थर्सडे’ वाचणाऱ्याला ‘गुरुवारपर्यंत अ‍ॅडव्हान्स पाठवत राहा’ असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. तिथे ‘बाय थर्सडे’ हवं होतं.

लिहिता लिहिता चटकन तपासण्याची एक खूण आहे आणि ती मराठीतलीच आहे. मनातल्या वाक्यातला ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘गुरुवारच्या आत पैसे पाठवा’ हे वाक्य उभं राहतं, म्हणून ‘बाय’. ‘गुरुवारच्या आत थांबा’ हे उभं राहत नाही. तिथे ‘गुरुवार येईस्तोवर थांबून राहा’ हे बसतं, म्हणून ‘अनटिल’. जवळपास प्रत्येक वाक्य या चाळणीतून बरोबर बाहेर पडतं. एक सावधगिरी मात्र हवी : ‘गुरुवारच्या आत’ म्हटल्यावर काहींना बुधवारच शेवटचा वाटतो. इंग्रजी ‘बाय थर्सडे’मध्ये गुरुवार धरलेला असतो.

क्रियापदांचे दोन गट लक्षात ठेवले तर हात आपोआप योग्य शब्दाकडे जातो. पाठवणे, पोचणे, भरणे, संपवणे, परत करणे, कळवणे, सही करणे, ही एकदा होऊन जाणारी कामं, यांना ‘बाय’. थांबणे, राहणे, ठेवणे, चालू असणे, वैध असणे, उघडं असणे, साठवणे, ही लांबणारी कामं, यांना ‘अनटिल’. एकाच पत्रात, एकाच वेळेसाठी दोन्ही येऊ शकतात. ‘धिस प्राइस इज व्हॅलिड अनटिल ५ पीएम ट्यूसडे. प्लीज कन्फर्म युअर ऑर्डर बाय ५ पीएम ट्यूसडे.’ घड्याळातली वेळ तीच आहे. भाव तोवर टिकून राहणार आहे, ऑर्डर तेवढ्यात एकदा पक्की व्हायची आहे.

काही क्रियापदं दोन्हीकडे चालतात आणि तिथे शब्द बदलला की व्यवहारच बदलतो. ‘पे द रेंट बाय मार्च’ म्हणजे थकलेलं भाडं मार्चपर्यंत चुकतं करा. ‘पे द रेंट अनटिल मार्च’ म्हणजे दर महिन्याचं भाडं मार्चपर्यंत भरत राहा. तसंच ‘बाय फ्रायडे वी विल हॅव लोडेड थ्री कंटेनर्स’ म्हणजे शुक्रवार संपेल तेव्हा एकूण तीन कंटेनर भरून झालेले असतील. ‘अनटिल फ्रायडे वी विल लोड थ्री कंटेनर्स अ डे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत रोज तीन. पहिल्या वाक्यातलं ‘विल हॅव लोडेड’ हे रूप सवयीचं करून घ्यावं. ‘बाय’ने पुढची वेळ सांगताना ‘तोवर झालेलं असेल’ हा अर्थ त्यानेच नेमका उतरतो.

आता दुसरी चूक, आणि ही जास्त खोल मुरलेली आहे. ‘जोपर्यंत पैसे येत नाहीत, तोपर्यंत माल भरणार नाही.’ मराठीत दोन्ही अंगांना ‘नाही’ लागतं आणि ते अगदी बरोबर आहे. इंग्रजीत ‘अनटिल’च्या बाजूला नकार नको. ‘अनटिल’च्या पुढे जी घटना येते ती घडल्यावर परिस्थिती पालटते, म्हणून तिथे ती घडल्याचंच वाक्य ठेवायचं : ‘वी विल नॉट लोड अनटिल द पेमेंट इज रिसीव्ह्ड.’ ‘अनटिल पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड’ असं लिहिलं की वाचणारा अडखळतो, कारण त्याच्या दृष्टीने पालटणारी घटना ‘पैसे न मिळणं’ ही होते. नकार एकदाच, आणि तो मुख्य वाक्यात. ‘अनलेस’चंही तेच. ‘अनलेस यू डोन्ट पे’ म्हणजे सरळ उलटा अर्थ. ‘अनलेस यू पे’ लिहा.

याच जागी आणखी एक चूक फार दिसते : ‘अनटिल द पेमेंट विल कम’. ‘अनटिल’ आणि ‘बाय द टाइम’ यांच्या लगेच पुढे भविष्यकाळाचा ‘विल’ येत नाही, साधा वर्तमानकाळ येतो. ‘विल’ पलीकडच्या मुख्य वाक्यात ठेवायचा.

तेव्हा विचारलेला मजकूर असा सरळ होतो : ‘प्लीज सेंड द अ‍ॅडव्हान्स बाय थर्सडे. वी विल नॉट लोड अनटिल इट इज रिसीव्ह्ड.’ शब्द कमी झाले आणि अर्थ एकच उरला.

‘बाय’च्या पुढे वेळ, वार, तारीख असं नाम लागतं. पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर ‘बाय द टाइम’ म्हणावं लागतं. ‘बाय ट्रक रीचेस’ हे इंग्रजी होत नाही. रीफर म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरच्या कामात दोन्ही जोडीने येतात. केळीसाठी आतलं तापमान साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअस ठेवतात. त्याहून बरंच खाली गेलं तर थंडीने साल काळपट, मळकट पडते, आणि वर गेलं तर फळ वाटेतच पिकायला लागतं. म्हणून ड्रायव्हरला आणि वाहतूकदाराला सूचना जाते : ‘कीप द जेनसेट रनिंग अनटिल द ट्रक रीचेस न्हावा शेवा.’ जेनसेट म्हणजे कंटेनरला वीज देणारा जनरेटर. तो न्हावा शेवा बंदर येईस्तोवर अखंड चालू राहायचा आहे, म्हणून ‘अनटिल’. कागदपत्रांची सूचना वेगळी : ‘द पेपर्स मस्ट बी रेडी बाय द टाइम द ट्रक रीचेस न्हावा शेवा.’ कागद एकदा तयार व्हायचे आहेत, गाडी पोचायच्या आत. पहिल्या वाक्यात चुकून ‘बाय द टाइम’ पडलं, तर ‘गाडी पोचेल तोवर कधीतरी जेनसेट चालू झालेला असू दे’ असा अर्थ निघू शकतो. नाशवंत मालात ही चूक परवडणारी नाही.

सगळ्यात महाग पडणारं वाक्य मात्र नकाराचं आहे. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत कंटेनर निघणार नाही’ म्हटलं तर दोन अर्थ होतात : शुक्रवारी निघेल, त्याआधी नाही, किंवा शुक्रवार उलटला तरी निघालेला नसेल. बोलताना सुरावरून कळतं, कागदावर कळत नाही. इंग्रजीत दोन अर्थांना दोन वाक्यं आहेत. ‘द कंटेनर विल नॉट लीव्ह अनटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारीच निघेल. हे एका अर्थी आश्वासन आहे. ‘द कंटेनर विल नॉट हॅव लेफ्ट बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार संपेल तेव्हाही कंटेनर इथेच असेल. ही उशिराची सूचना आहे. पहिलं वाचून खरेदीदार पिकवणी केंद्राची जागा राखून ठेवेल, दुसरं वाचून तो दुसरीकडे माल शोधेल. शंका असली की नकाराचं वाक्य टाळून सरळ लिहावं, हे माझं ठाम मत आहे : ‘द कंटेनर विल लीव्ह ऑन फ्रायडे, नॉट बिफोर.’ किंवा ‘द कंटेनर विल लीव्ह ऑन सॅटरडे.’ यात गैरसमजाला वाव उरत नाही.

‘आजपर्यंत पैसे मिळालेले नाहीत’ याचं ‘वी हॅव नॉट रिसीव्ह्ड पेमेंट टिल नाऊ’ असं भाषांतर जळगावच्या एमआयडीसीपासून धुळ्याच्या कचेऱ्यांपर्यंत सर्रास दिसतं. भारतात ते समजून घेतलं जातं. बाहेरच्या वाचकाला मात्र ‘अनटिल नाऊ’ आणि ‘टिल नाऊ’ यांतून ‘इतके दिवस नव्हते, आता मिळाले’ असा वास येतो, कारण ‘अनटिल’ जिथे संपतो तिथे स्थिती पालटते असं तो धरतो. वसुलीच्या पत्रात याहून वाईट काय असणार? ‘वी हॅव नॉट यट रिसीव्ह्ड द पेमेंट’ लिहा. हिशेब देताना ‘टिल डेट’च्या जागी ‘टू डेट’ किंवा ‘सो फार’.

‘टिल’ आणि ‘अनटिल’ यांत अर्थाचा फरक नाही. ‘टिल’ हे ‘अनटिल’चं आखूड रूप आहे असा समज आहे, पण प्रत्यक्षात ‘टिल’ जुना आहे. पत्रात, करारात ‘अनटिल’ जास्त शोभतो, बोलताना दोन्ही चालतात. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला शेवटी दोन एल आणि ‘अनटिल’ला एकच, याची उलटापालट अर्जांमध्ये फार होते. दोन्ही शब्द वेळेचे आहेत. जागेसाठी ‘टिल’ नको : ‘द रोड इज क्लोज्ड टिल यावल’ न लिहिता ‘अप टू यावल’ किंवा ‘अ‍ॅज फार अ‍ॅज यावल’. दोन गावं सांगायची तर ‘फ्रॉम सावदा टू भुसावळ’.

आता तारखेचा प्रश्न. ती तारीख धरायची की नाही, यावरून खरे वाद होतात. ‘बाय १५ मार्च’मध्ये १५ तारीख येते. ‘बिफोर १५ मार्च’मध्ये येत नाही, शेवटचा दिवस १४. ‘अनटिल १५ मार्च’ बोलीत डळमळीत आहे. रजेच्या अर्जात ‘ऑन लीव्ह अनटिल १५ मार्च’ लिहिलं तर माणूस १५ला कामावर येणार की १६ला, हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. ‘ऑन लीव्ह फ्रॉम १० टू १५ मार्च, बॅक अ‍ॅट वर्क ऑन १६ मार्च’ लिहिलं की काम संपलं. जिथे पैसे गुंतलेत तिथे ‘ऑन ऑर बिफोर १५ मार्च’ किंवा ‘अप टू अँड इन्क्लुडिंग १५ मार्च’ हेच वापरावं. अमेरिकन माणूस ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणतो तेव्हा शुक्रवार धरलेला असतो.

बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैशांची दिलेल्या लेखी हमीवर, माल जात असेल तर तर्क चालवायची गरजच नाही, तिथे शब्दांचे अर्थ ठरलेले आहेत. लेटर ऑफ क्रेडिट यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांखाली असल्याचं त्यात सहसा लिहिलेलं असतं. २००७पासून लागू असलेल्या या नियमांच्या तिसऱ्या कलमानुसार, माल पाठवण्याचा काळ सांगताना ‘टू’, ‘अनटिल’, ‘टिल’, ‘फ्रॉम’ आणि ‘बिट्वीन’ हे शब्द दिलेली तारीख धरतात. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ ती वगळतात. म्हणजे ‘शिपमेंट अनटिल २० मार्च’ असेल तर २० तारखेचं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती) चालतं, ‘बिफोर २० मार्च’ असेल तर १९च शेवटची. ‘ऑन ऑर अबाउट १५ मार्च’ म्हणजे आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस धरून १० ते २० मार्च. ‘बिगिनिंग’, ‘मिडल’ आणि ‘एंड’ ऑफ मार्च म्हणजे अनुक्रमे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. ‘प्रॉम्प्ट’ किंवा ‘इमिजिएटली’ असे शब्द बँक मोजतच नाही.

त्याच कलमात एक वळण आहे, तिथे पुष्कळ जण फसतात. पैसे देय होण्याची तारीख काढताना ‘फ्रॉम’चा अर्थ बदलतो आणि ती तारीख वगळली जाते. ‘६० डेज फ्रॉम बिल ऑफ लेडिंग डेट’ असेल आणि बिल १ मार्चचं असेल, तर मोजणी २ मार्चपासून, आणि पैसे ३० एप्रिलला देय. सुट्टीचाही नियम असाच नीट वाचावा लागतो. लेटर ऑफ क्रेडिट संपण्याचा किंवा कागद सादर करण्याचा शेवटचा दिवस बँकेच्या नेहमीच्या सुट्टीवर आला, तर तो पुढच्या कामाच्या दिवशी सरकतो. माल पाठवण्याची शेवटची तारीख मात्र त्यामुळे सरकत नाही. ती रविवारी आली तर रविवारच.

सरकारी कागदांचं वेगळं. केंद्राच्या कायद्यांमधली मुदत मोजताना जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ लागतो. त्याच्या ९व्या कलमात ‘फ्रॉम’ने पहिला दिवस वगळला जातो आणि ‘टू’ने शेवटचा धरला जातो. १०व्या कलमानुसार शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा कचेरी बंद असेल, तर ती उघडेल त्या पुढच्या दिवशी केलेलं काम मुदतीत मानतात. खासगी दोन व्यापाऱ्यांमधल्या ई-मेलला हे संरक्षण आहे असं समजू नये. तिथे जे लिहिलं तेच खरं.

‘विदिन’ हा मुदतीचा चांगला शब्द आहे, फक्त मोजणी कुठून सुरू होते ते सांगितलं पाहिजे. नुसतं ‘पे विदिन ७ डेज’ अपुरं आहे. ‘विदिन ७ डेज ऑफ द इनव्हॉइस डेट’ पूर्ण आहे. ‘इन ७ डेज’ने मात्र घोटाळा होतो, कारण त्यातून ‘सात दिवसांत’ आणि ‘सात दिवसांनी’ असे दोन्ही अर्थ निघतात. ‘वी विल शिप इन ७ डेज’ वाचून खरेदीदार बहुधा सातव्या दिवसाची वाट बघेल.

आखाताशी व्यवहार करणाऱ्यांनी वार आणि घड्याळही तपासावं, नाहीतर अचूक ‘बाय’ असूनही मुदत चुकते. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२पासून सरकारी आठवडी सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवार अर्धा दिवस. म्हणजे सौदीच्या खरेदीदाराला ‘बाय फ्रायडे’ लिहिणं म्हणजे प्रत्यक्षात गुरुवारची मुदत देणं. घड्याळ दुबई आणि ओमानमध्ये आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी, कुवेत, कतार, बहरीनमध्ये अडीच तास. ‘बाय ५ पीएम’ लिहिलं तर कुणाचे पाच? ‘बाय ५ पीएम इंडिया टाइम, थर्सडे, १२ मार्च’ असं वार, तारीख आणि ठिकाण जोडून लिहा. मध्यरात्रीच्या बाराची मुदत देऊच नये, ‘११.५९ पीएम’ लिहिलं की दिवस कुठला हा प्रश्न उरत नाही. महिना अक्षरात लिहावा, कारण ३/४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल आणि अमेरिकन माणसाला ४ मार्च.

शेवटी ‘बाय’चा आणखी एक अर्थ, कारण भावाच्या पत्रात तो मुदतीच्या ‘बाय’शेजारीच येतो. ‘द रेट हॅज गॉन अप बाय २०० रुपीज’ म्हणजे भाव दोनशेने वाढला. ‘गॉन अप टू २०० रुपीज’ म्हणजे वाढून दोनशेवर गेला. केळी क्विंटलला १,८०० असेल तर पहिल्या वाक्याने ती २,००० होते. दुसरं वाक्य तिथे खोटंच ठरतं. मराठीत हा भेद ‘ने’ आणि ‘वर’ यांनी स्पष्ट असतो, इंग्रजीत तो दोन छोट्या शब्दांवर उभा आहे. म्हणून जुना आणि नवा, दोन्ही आकडे लिहायची सवय ठेवावी : ‘अप बाय २००, फ्रॉम १,८०० टू २,००० पर क्विंटल, व्हॅलिड अनटिल ५ पीएम इंडिया टाइम, ट्यूसडे, १० मार्च.’